डॉ. वॉटसन यांची बाजू

मंडळी, चालकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘गुप्तहेरकथेतील सोबती’ असे सांगितले. त्यावर ते क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. युनियनचा माणूस महागाई भत्ता, बोनस, फार तर कंत्राटी कामगार यांवर बोलणार, अशी त्यांची अपेक्षा असावी. पण आजचा विषय माझ्या कामापासून फार दूरचा नाही. शाळा मला लवकर सोडावी लागली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात, दुसऱ्या पाळीला जाण्यापूर्वी. तेथेच भालबा केळकरांच्या अनुवादातून शेरलॉक होम्स भेटला. पहिल्या वाचनात मी अर्थातच होम्सवर लुब्ध झालो. दुसऱ्या वाचनात मनात आले, की हे सगळे लिहून कोण ठेवतो आहे?

या सोबत्याचे मूळ होम्सच्याही आधीचे आहे. १८४१ साली एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाने द्युपां नावाचा एक पॅरिसवासी बुद्धिमान पुरुष निर्माण केला आणि त्याची कथा सांगायला एक मित्र दिला. त्या मित्राला त्याने नाव दिले नाही. मात्र दोघे ज्या जुन्या घरात राहतात त्याचे भाडे हा बिननावाचा मित्रच भरतो! पुढे १८८७ साली आर्थर कॉनन डॉयल यांनी होम्स आणि वॉटसन यांना एकत्र आणले तेव्हाही कारण भाड्याचेच होते. बेकर स्ट्रीटवरील जागा एकट्याला परवडत नव्हती. वॉटसन हा लष्करातून जखमी होऊन परतलेला डॉक्टर, रोजच्या साडेअकरा शिलिंगांवर लंडनमध्ये दिवस काढणारा. थोर मैत्रीचा पाया निम्म्या भाड्यावर घातला गेला, ही गोष्ट मला फार आवडते.

आता सोबती लागतोच कशाला? हेराने स्वतःच गोष्ट सांगितली, तर त्याला काय कळले ते वाचकालाही त्याच क्षणी कळेल आणि रहस्य तेथेच संपेल. दुसऱ्या कोणी बाहेरून सांगितली, तर ती पोलिसांच्या पंचनाम्यासारखी कोरडी होईल. म्हणून असा माणूस हवा, की जो सर्व पाहतो पण ज्याला सर्व उमगत नाही. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने १९२९ साली गुप्तहेरकथेचे दहा नियम केले. त्यांत एक असा, की सोबत्याने मनात आलेले काही लपवू नये आणि त्याची बुद्धी सामान्य वाचकापेक्षा किंचित, अगदी किंचितच कमी असावी. विनोदाने केलेला नियम, पण त्यातली मेख पाहा. सोबत्याला कमी बुद्धीचा ठरवून वाचकाला खूश करायचे!

वॉटसनवर हा अन्याय आहे. होम्सच्या एकूण साठ कथा. त्यांतल्या छप्पन्न वॉटसनने सांगितलेल्या. होम्स त्याच्या लेखनाला नाके मुरडतो, शास्त्राची तू करमणूक केलीस म्हणतो. शेवटी एकदा वॉटसन त्याला सुनावतो, की मग तूच लिहून पाहा. १९२६ साली आलेल्या दोन कथा होम्सने स्वतः सांगितल्या आहेत. पहिल्याच कथेत त्याला कबूल करावे लागते, की वाचकाचे मन धरायचे तर आपल्यालाही सोबत्याच्याच वाटेने जावे लागते. त्या दोन कथा मला तरी फिक्या वाटतात.

आमच्या युनियनमध्ये इतिवृत्त लिहिणारे एक गृहस्थ होते. भाषण त्यांनी आयुष्यात केले नाही. वाटाघाटींत ते कोपऱ्यात बसत आणि कोण काय बोलले ते वहीत उतरवीत. एकदा व्यवस्थापनाने दिलेला शब्द नाकारला, तेव्हा त्या वहीने आम्हाला वाचवले. कार्यालयातल्या संगमरवरी फलकावर अध्यक्षांची नावे आहेत, यांचे नाही. फलक लावताना मीही हजर होतो आणि माझ्याही ते लक्षात आले नाही.

डॉयलसाहेबांचेही असेच झालेले दिसते. पहिल्या कादंबरीत वॉटसनला गोळी खांद्यात लागते, दुसरीत तीच जखम पायात जाते. १८९१ च्या एका कथेत तर जॉन वॉटसनला त्याची बायकोच जेम्स म्हणून हाक मारते! आणि हाच माणूस बास्करव्हिलच्या कथेत डार्टमूरच्या माळावर एकटा जातो, घरातल्या माणसांवर नजर ठेवतो, पत्रांतून होम्सला अहवाल धाडतो. कितीतरी प्रकरणे होम्स दृष्टीसही पडत नाही आणि कथा कोठे अडत नाही.

चित्रपटाने सोबत्याचे कामच काढून घेतले. कॅमेरा स्वतःच साक्षीदार. मग सांगणारा कशाला? यंत्र आले की माणसाला हलके काम देतात, तसे वॉटसनला हसवण्याचे काम दिले गेले. १९३९ ते १९४६ या काळात बॅझिल रॅथबोन यांच्या होम्सबरोबर नायजेल ब्रूस यांनी चौदा चित्रपटांत गोंधळलेला, पुटपुटणारा वॉटसन केला. नट गोड, पण जगाने वॉटसन म्हणजे भोळसट म्हातारा हेच धरले. हा डाग पुसायला वेळ लागला. १९५९ च्या बास्करव्हिल चित्रपटात आंद्रे मॉरेल यांनी त्याला शहाणपण परत दिले. १९७९ पासून सोव्हिएत दूरचित्रवाणीवर विताली सोलोमिन यांचा वॉटसन आला. त्यात आरंभी वॉटसनच होम्सवर पाळत ठेवतो, हा कोणी गुन्हेगार तर नव्हे ना म्हणून! १९८४ च्या इंग्रजी मालिकेत डेव्हिड बर्क आणि नंतर एडवर्ड हार्डविक यांनी तो धीराचा, विचारी मित्र केला. २०१० च्या मालिकेतला वॉटसन पुन्हा अफगाणिस्तानातूनच जखमी होऊन येतो. वहीऐवजी संगणकावर लिहितो, एवढाच फरक.

मूळ वॉटसन अफगाणिस्तानात गेला तो आपल्या मुंबई बंदरात उतरून. २७ जुलै १८८० रोजी मैवंदची लढाई झाली. इंग्रजांचा तीत पराभव झाला आणि बर्कशायर पलटणीबरोबर मुंबई लष्कराच्या पलटणीही तेथे कापल्या गेल्या. कथेतला वॉटसन तेथेच जखमी होऊन पडतो. मरे नावाचा त्याचा ऑर्डर्ली त्याला ओझ्याच्या घोड्यावर आडवा टाकून आपल्या फळीपर्यंत सुखरूप आणतो. मरे नसता तर वॉटसन नाही आणि वॉटसन नसता तर होम्स कोणाला ठाऊक झाला असता? या मरेला वॉटसनने एक वाक्य दिले आहे. त्या ऑर्डर्लीचे पुढे काय झाले, हे साठ कथांत कोठेही सांगितलेले नाही.