मळलेली वाट

मराठी समीक्षेत ‘मळलेली वाट’ हे शब्द बहुधा दूषण म्हणून येतात. एखाद्या कवीने मळलेली वाट सोडली असे म्हटले की ती शाबासकी असते. तो त्याच वाटेने गेला असे म्हटले की पुढे बोलण्याची गरज उरत नाही. या शब्दांमागची मूळ कृती मात्र आपण विसरून गेलो आहोत. पुष्कळ माणसांनी एकाच ठिकाणी पाऊल टाकल्याशिवाय वाट मळत नाही. ही कृती डोळ्यांसमोर घडताना पाहायची असेल, तर हिवाळ्यात हिमाने झाकलेल्या डोंगरावर जावे. तिथे मळलेली वाट आयती नसते. ती दर हिमवर्षावानंतर नव्याने मळावी लागते, आणि अमेरिकेतल्या एका डोंगराळ प्रदेशात तर ती बिघडू नये म्हणून चक्क कायदा आहे.

हा प्रदेश म्हणजे न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातले ॲडिरॉन्डॅक डोंगर. १८९२ साली स्थापन झालेले ॲडिरॉन्डॅक पार्क सुमारे ६० लाख एकरांचे, म्हणजे गोव्याच्या साडेसहा पट आहे. त्यातल्या उंच शिखरांच्या टापूला ‘हाय पीक्स’ म्हणतात. तिथला नियम असा : जमिनीवर आठ इंच किंवा त्याहून अधिक हिम असेल, तर पायांत स्नोशू किंवा स्की असल्याशिवाय चालायचे नाही. पाठीवरच्या पिशवीत असून भागत नाही, ते वापरावे लागतात. न वापरणाऱ्याला वनरक्षक दंड करू शकतात. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला हे ऐकून हसू येईल. आपल्याकडे कोणी बुटांनी गड चढतो, कोणी चपलेने, गावातला माणूस अनवाणी. पायांत काय घालावे यात सरकार पडत नाही. मग इथेच का पडते? माझी गेली कित्येक वर्षे या राज्यात गेली आहेत, आणि हिवाळ्यात या डोंगरांत जाताना हाच प्रश्न मला सर्वांत रंजक वाटत आला आहे. त्याचे उत्तर पायांपेक्षा हिमाच्या स्वभावात सापडते.

आधी डोंगराची ओळख करून घेऊ. राज्यातले सर्वांत उंच शिखर माउंट मार्सी १६२९ मीटर उंच आहे. आपले कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे मार्सी त्याच्याहून सतरा मीटरनी बुटकेच. पण कळसूबाई साडेएकोणीस अक्षांशावर आणि मार्सी चव्वेचाळीसवर. त्यामुळे मार्सीच्या माथ्याच्या शे-दीडशे मीटर अलीकडेच झाडे संपतात, आणि वरच्या भागात एप्रिलमध्येही हिम असते. हार्ट लेक नावाच्या तळ्यापासून निघणारी नेहमीची वाट एकेरी सुमारे १२ किलोमीटरची आहे. चढाई साडेनऊशे मीटरहून अधिक. जाऊन येऊन २४ किलोमीटर, आणि डिसेंबरात उजेड जेमतेम नऊ तासांचा. म्हणजे उतरणीचा शेवटचा भाग बहुतेकांना कपाळावरच्या दिव्याच्या उजेडातच चालावा लागतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

एक शब्दाचाही खुलासा हवा. आपण फ्रीजमधल्या खड्यालाही बर्फ म्हणतो आणि आकाशातून पडणाऱ्या भुरभुरीलाही. या लेखात पडणाऱ्या भुरभुरीला हिम म्हणते आणि घट्ट खड्याला बर्फ, कारण सारी गोष्ट एकातून दुसरे कसे होते याचीच आहे.

थंड, कोरड्या हवेत पडलेल्या ताज्या हिमात दहातले नऊ भाग हवा असते. सहा फाट्यांचे नाजूक स्फटिक टोकाला टोक लावून कसेबसे एकमेकांवर रेललेले असतात. यावर बूट ठेवला की तो सरळ खाली जातो. हिशेब सोपा आहे. सामानासह ८० किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला आणि त्याच्या बुटाचा तळ २५० चौरस सेंटिमीटर धरला, तर दर चौरस सेंटिमीटरवर ३२० ग्रॅम भार येतो. स्नोशूचा तळ १२०० चौरस सेंटिमीटर धरला, तर तोच भार ६७ ग्रॅमवर येतो, जवळजवळ पाचवा हिस्सा. स्नोशू घातला की माणूस हिमावर तरंगतो असा अनेकांचा समज असतो. ताज्या हिमात स्नोशूही वीतभर खाली जातो. फरक एवढाच की बूट मांडीपर्यंत जातो.

ही युक्ती उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी फार पूर्वी पूर्णत्वाला नेली होती. ॲश जातीच्या झाडाचे लवचीक लाकूड वाकवून चौकट करायची आणि तिच्यात कच्च्या चामड्याच्या वाद्यांची जाळी विणायची. झाडीत वळायला सोपा म्हणून अस्वलाच्या पंजासारखा गोल आकार, मोकळ्या मैदानासाठी लांब निमुळता. युरोपातून आलेल्यांनी ही विद्या त्यांच्याकडूनच उचलली. याच टापूच्या आग्नेयेला लेक जॉर्जच्या परिसरात १७५७ आणि १७५८ साली इंग्रज आणि फ्रेंच पक्षांत झालेल्या दोन चकमकी इतिहासात ‘स्नोशूवरच्या लढाया’ म्हणूनच नोंदल्या गेल्या आहेत. आजचा स्नोशू ॲल्युमिनियमचा किंवा प्लॅस्टिकचा असतो. पुढचा चवडा बिजागरीवर बांधलेला, टाच मोकळी, आणि चवड्याखाली पोलादी दाते, म्हणजे चढावर पकड मिळते. चालताना पाय थोडे फाकवून टाकावे लागतात. उलटे पाऊल टाकणे जवळजवळ अशक्य. मागे जायचे तर पूर्ण वळसा घ्यावा लागतो.

आता खरा चमत्कार. स्नोशूंनी तुडवलेली वाट संध्याकाळी मऊ वाटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर साध्या बुटाने उभे राहता येते. मधल्या काळात ती वितळून गोठलेली असतेच असे नाही. रात्रभर तापमान शून्याखाली राहिले तरी हे घडते. धातूची भुकटी दाबून, न वितळवता नुसती तापवून घट्ट वस्तू बनवतात, तशीच ही क्रिया आहे. दाबल्यामुळे स्फटिकांचे फाटे मोडतात, कण जवळ येतात, आणि जिथे दोन कण टेकतात तिथे बर्फाचा एक बारीक सांधा धरतो. कणांच्या पृष्ठभागावरून आणि वाफेच्या रूपाने पाण्याचे रेणू त्या सांध्यात येऊन बसत राहतात आणि तो जाड होतो. इतक्या थंडीत हे कसे घडते? कारण आपल्याला थंड वाटणारा बर्फ स्वतःच्या मापाने फार तापलेला असतो. निरपेक्ष तापमानाच्या हिशेबात उणे १० अंशांचा बर्फ आपल्या वितळणबिंदूच्या जितका जवळ असतो, तितके जवळ यायला लोखंडाला सुमारे १४७० अंशांपर्यंत तापावे लागेल. दोन बर्फखंड नुसते टेकवले तरी चिकटतात, याकडे मायकेल फॅरडे यांनी १८५० सालीच लक्ष वेधले होते. हिवाळी वाट याच गुणावर उभी असते.

म्हणजे ही वाट हिमाखाली दडलेली उन्हाळी पायवाट नव्हे. खालची मुळे, दगड, ओहोळ सारे गाडले गेलेले असते. झाडांवर ठोकलेल्या रंगीत चकत्या उन्हाळ्यात डोक्याच्या उंचीवर असतात, त्या आता कमरेशी येतात, कधी दिसेनाशा होतात. चालण्याजोगी वाट म्हणजे दोन-तीन फूट रुंदीचा, चालणाऱ्यांनीच घडवलेला एक उंच पट्टा. तो घडवायला कष्ट पडतात. अमेरिकी लष्कराच्या संशोधकांनी १९७६ साली दाखवले की पाऊल जितके खोल रुतते, त्या प्रमाणात शरीराचा ऊर्जाखर्च वाढत जातो. हिमवर्षावानंतर पहिला जाणारा हा खर्च सर्वांच्या वतीने करतो. गटात म्हणूनच पाळी लावतात. पुढच्याने काही मिनिटे वाट पाडायची, दमला की बाजूला सरायचे, रांग पुढे जाऊ द्यायची आणि शेवटी जोडून घ्यायचे. पाचव्या-सहाव्या माणसाला चाल अगदी सोपी जाते. ओळख नसलेले गटही वाटेत भेटले की ही पाळी वाटून घेतात.

आणि नेमका इथेच तो कायदा येतो. वाट मळलेली आणि सकाळची वेळ असेल, तर स्नोशू निरुपयोगी वाटतात. बुटाने भराभर जाता येते. पायाला किलोभराचे ओझे कशाला? पण दुपारी ऊन लागते, वरचा थर सैल होतो, किंवा पाऊल पट्ट्याच्या कडेला पडते, आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. इथे त्याला ‘पोस्टहोल’ म्हणतात, म्हणजे कुंपणाचा खांब रोवायला खणतात तसला खड्डा. एकटा माणूस उतरताना असे शेकडो खड्डे पाडून जाऊ शकतो. त्याचे स्वतःचे नुकसान फारसे होत नाही; तो दमतो आणि घरी पोचतो. रात्री मात्र वर सांगितलेली क्रिया चालूच असते. ज्या गुणाने वाट घट्ट होते, त्याच गुणाने खड्ड्याच्या कडाही घट्ट होतात. दुसऱ्या दिवशी अंधारात उतरणाऱ्याचा स्नोशू त्यात तिरका अडकतो, स्कीचे टोक घुसते, गुडघा पिरगळतो. उन्हाळ्यात मुरगळलेला पाय ही कटकट असते. उणे वीस अंशांत, रस्त्यापासून आठ किलोमीटरवर, ज्याला चालता येत नाही त्याचे शरीर पुरेशी उष्णता निर्माण करू शकत नाही. मदत पोचेपर्यंतचे तास जिवावरचे असतात.

म्हणून स्नोशूचा नियम घालणाऱ्याच्या पायांपेक्षा मागून येणाऱ्याच्या पायांसाठी अधिक आहे. शेजारच्या न्यू हॅम्पशायरमधल्या व्हाइट माउंटन्समध्ये असा कायदा नाही, पण संकेत तोच आहे.

नियमाला मर्यादाही आहेत. पाऊस पडून गोठला की खालच्या भागात वाटेवर निखळ बर्फ असतो. तिथे बुटांवर चढवायच्या दातेरी साखळ्या बऱ्या. जाणते लोक दोन्ही साधने बाळगतात. मार्च-एप्रिलमध्ये बाजूचे सैल हिम आधी वितळते आणि दाबलेला पट्टा तेवढा उंच बांधासारखा शिल्लक राहतो. त्याला गमतीने ‘मोनोरेल’ म्हणतात. त्यावरून घसरले की दोन्ही बाजूंना मांडीएवढे ओले हिम. झाडांच्या हद्दीजवळ खुरटे स्प्रूस आणि फर पूर्ण गाडलेले असतात. त्यांच्या फांद्यांखाली पोकळी राहते आणि वाट सोडलेला माणूस स्नोशूसकट छातीपर्यंत आत जातो. त्यात फांद्यांत अडकलेला स्नोशू सोडवणे हे एकट्याचे काम नव्हे. त्याहून वर तर वाऱ्याचे राज्य. उणे १५ अंश आणि ताशी ५० किलोमीटर वारा असेल, तर उघड्या कातडीला ते उणे २९ अंशांसारखे जाणवते. तिथे कोणी कितीही तुडवले तरी मागची पावले थोड्याच वेळात बुजतात. परतताना स्वतःच्या पावलांवर विसंबणारा चुकतो. दगडांच्या रचलेल्या ढिगांवर नजर ठेवावी लागते. माथा ढगात असेल तर झाडांच्या हद्दीवरूनच मागे फिरणे शहाणपणाचे.

मे संपता संपता हे सारे काम पाणी होऊन वाहून जाते. कोणी किती पाळ्या पुढे चालले, कोणी खड्डे बुजवले, याची खूण उरत नाही. खड्डे बुजवण्याचा उपायही साधा आहे : आपल्याकडून पडलेला खड्डा थांबून स्नोशूने हिम लोटून भरायचा, वर दोन पावले दाबायची आणि पुढे जायचे. बाकीचे काम रात्रीची थंडी करते. गर्दीच्या शनिवारी या वाटेवर दिवसभरात पुष्कळ माणसे जातात आणि प्रत्येकाची वाट आदल्या दिवशीच्या अनोळखी माणसांनी मळलेली असते. साहित्यात मळलेली वाट सोडणाऱ्याचे कौतुक जरूर व्हावे. डोंगरावर मात्र ती मळणाऱ्यांचे आणि मळलेली तशीच राखून जाणाऱ्यांचे व्हायला हवे.