कोयत्यासारखं काहीतरी

पहाटे ५.१५

माझा दिवस एका साक्षीदारापासून सुरू होतो. त्याला मी कधी पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. नाशिकच्या सत्र न्यायालयात त्याने दिलेली साक्ष तेवढी माझ्यापुढे आहे, साडेआठ पानांची. खुनाचा खटला, जन्मठेप, आरोपीचं अपील. वकील लावायची त्याची ऐपत नाही, म्हणून विधी सेवेतून माझी नेमणूक झाली. आज दुपारी मॅटर अंतिम सुनावणीच्या बोर्डावर आहे.

जिल्ह्यात साक्ष मराठीत होते आणि उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं. अपिलाच्या कागदांच्या संचात, म्हणजे पेपरबुकात, त्यामुळे भाषांतर असतं. मी मूळ आणि भाषांतर शेजारी शेजारी ठेवून वाचते. इंग्रजीत आहे : आरोपीच्या हातात कोयता होता. मराठीत आहे : ‘हातात कोयत्यासारखं काहीतरी होतं.’ मधलं ‘सारखं’ वाटेतच गळालं. पुढे उलटतपासात ते वाक्य येतं, जे फौजदारी वकिलांना तोंडपाठ असतं : ‘पोलिसांना मी तसे सांगितले होते, माझ्या जबाबात का लिहिले नाही याचे कारण सांगता येणार नाही.’ तपासी अंमलदाराने मात्र आपल्या साक्षीत कबूल केलंय की, या साक्षीदाराने जबाब देताना कोयत्याचं नावच काढलं नव्हतं. निकालपत्र ४२ पानांचं आहे. या कबुलीबद्दल त्यात एकही ओळ नाही.

खालच्या कोर्टाने साक्षीदाराचा चेहरा पाहिलेला असतो, तो कुठे अडखळला ते ऐकलेलं असतं. अपिलात वाट्याला येतो तो फक्त कागद. मग तो कागद तरी कुणीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला हवा, एवढाच माझा आग्रह असतो.

सकाळी ९.५०

मुंबई उच्च न्यायालयाची ही दगडी गॉथिक इमारत १८७८ सालची, कर्नल फुलर यांनी उभारलेली. जिना चढताना सेंट्रल कोर्टावरून जावं लागलं की पावलं हळू होतात. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांचा राजद्रोहाचा खटला इथे चालला. ज्यूरीचा कौल सात विरुद्ध दोन, शिक्षा सहा वर्षांची. उच्च न्यायालयातच चाललेल्या अशा खटल्यावर तेव्हा नेहमीसारखं फौजदारी अपील करता येत नसे. पुरावा पुन्हा तपासून घेण्याचा हक्क किती मोलाचा आहे, हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या दारासमोर जास्त कळतं.

सकाळी १०.३०

मेन्शनिंग, म्हणजे तातडीची प्रकरणं कोर्टापुढे मांडणं. प्रीसायपी, म्हणजे त्यासाठीची लेखी विनंती, हातात घेतलेल्या वकिलांची रांग, कुणाच्या घरावर उद्या बुलडोझर येणार, कुणाची परीक्षा परवा. आमचे क्लार्क मागून एक फाइल सरकवतात : दिवाणी अपील, उच्च न्यायालयात यायची मुदत ९० दिवसांची, उशीर ४१० दिवसांचा. आधी विलंबमाफीचा अर्ज, मग बाकी सगळं. पक्षकाराला वाटत असतं की अपील दाखल केलं म्हणजे खालचा हुकूम आपोआप थांबला. तसं होत नाही, स्टे वेगळा मागावा लागतो. हे वेळेवर न कळल्याने जमिनीचा ताबा गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

सकाळी ११.४०

निफाड तालुक्यातल्या एक मावशी पंचवटी एक्स्प्रेसने आल्या आहेत. वय सत्तरच्या पुढे. वडिलांच्या शेतात हिस्सा मागितला म्हणून भावांशी दावा. तालुक्याचं कोर्ट विरुद्ध गेलं, जिल्ह्यातलं अपीलही गेलं. कोर्टाबाहेरच्या बाकावर त्या पिशवीतून एक कागद काढतात.

“वकीलबाई, थोरली वहिनी आता खरं सांगायला तयार झालीय. तिला आत उभी करता?”

“मावशी, इथे साक्षीदार बोलावत नाहीत. हे दुसरं अपील आहे.”

“मग इथं करतात तरी काय?”

पहिल्या अपिलात कोर्ट पुरावा आणि कायदा दोन्ही नव्याने तपासतं. दुसऱ्या अपिलाचं दार मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १९७६ च्या दुरुस्तीपासून अरुंद झालं. कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच ते दाखल करून घेतात आणि तो प्रश्न न्यायमूर्तींना शब्दांत मांडावा लागतो. वहिनी खरं बोलते की खोटं, हा कायद्याचा प्रश्न नव्हे. मावशींजवळ सुदैवाने दुसरा प्रश्न आहे. वडील १९९८ मध्ये वारले. हिंदू वारसा कायद्यात मुलींना जन्मसिद्ध हिस्सा देणारी २००५ ची दुरुस्ती आली तेव्हा वडील हयात नव्हते, म्हणून मुलीला जन्मसिद्ध हिस्सा नाही, असं दोन्ही कोर्टांनी धरलं. दोन्ही निकाल २०२० च्या आधीचे आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही. आणि भाऊ जी तोंडी वाटणी पुढे करतात, तीही सहजासहजी मानायची नाही.

आत सगळं मिळून बारा मिनिटं लागतात. अपील दाखल, दोन प्रश्न नोंदवले, जमीन विकायला तोवर मनाई. मी बाहेर येऊन सांगते. मावशी विचारतात, “म्हंजे जिंकलो?” “नाही मावशी. आता ऐकून घेणार आहेत.” त्या कागदाची घडी परत पिशवीत ठेवतात. परतीची गाडी संध्याकाळी आहे. तोवर त्या व्हरांड्यातच बसतील.

दुपारी १.३०

डबा. माझी बॅचची मैत्रीण आयकराची अपिलं चालवते. जेवून मी तिच्या कोर्टात जाऊन बसते, माझा नंबर अजून खाली आहे.

दुपारी २.३०

इथे रडणारं कुणी नसतं, तरी वाचायची शिस्त तीच. आधी अपील आयुक्त, मग १९४१ पासून काम करणारं आयकर अपील न्यायाधिकरण, मग दोन न्यायमूर्तींचं खंडपीठ. वस्तुस्थितीवर न्यायाधिकरणाचा शब्द शेवटचा, उच्च न्यायालयात पुन्हा कायद्याचाच प्रश्न हवा. आजचा वाद कारखान्याच्या यंत्रांवर केलेल्या खर्चाचा : ती दुरुस्ती की भांडवली खर्च? न्यायाधिकरणाने बिलं पाहून दुरुस्ती ठरवली आहे. खंडपीठ दोनच प्रश्न विचारतं आणि खात्याचं अपील फेटाळतं. सप्टेंबर २०२४ पासून, काही अपवाद सोडले तर, दोन कोटींपर्यंतच्या करासाठी खातं उच्च न्यायालयात येत नाही. हा निर्णय मला मनापासून योग्य वाटतो.

व्होडाफोन कंपनीचा सुमारे ११ हजार कोटींच्या कराचा वाद याच न्यायालयात चालला होता. २०१० मध्ये इथला निकाल खात्याच्या बाजूने लागला आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. उच्च न्यायालयाचंही वाचन चुकू शकतं.

दुपारी ३.३५

माझा नंबर पुकारला जातो. टेबलावर आर अँड पी, म्हणजे खालच्या कोर्टाचं मूळ रेकॉर्ड, आलंय, सुतळीने बांधलेलं जाडजूड गाठोडं. मी साक्षीदाराच्या परिच्छेदावर येते आणि मूळ मराठी पाहण्याची विनंती करते. सरकारी वकील उठून म्हणतात, भाषांतर अधिकृत आहे. ज्येष्ठ न्यायमूर्तींची भाषा मराठी नाही. ते सुतळी सोडायला सांगतात, पान त्यांच्यापुढे जातं आणि ते शेजारच्या न्यायमूर्तींना हळूच विचारतात, “सारखं म्हणजे?”

अर्थ सांगितला जातो. मग दोघेही ते पान पुन्हा वाचतात. कोर्टात पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. मी गप्प उभी राहते.

“तपासी अंमलदाराची साक्ष कोणत्या पानावर?”

मी पान सांगते. न्यायमूर्ती पेन्सिलीने खूण करतात. सरकारी वकील कपड्यांवरच्या रक्ताकडे वळतात. तो त्यांचा भक्कम मुद्दा आहे आणि मला त्याला उत्तर द्यायचंय. रासायनिक अहवालात रक्तगट ‘अनिर्णित’ आहे, हे मी सांगू लागते तोवर साडेचार होतात. पार्ट-हर्ड, सुनावणी अर्धी राहिली. उद्या पहिला नंबर.

संध्याकाळी ६.४५

चेंबरमध्ये आरोपीच्या वडिलांचा फोन येतो. पोरगा सात वर्षं आत आहे.

“काय झालं हो ताई?”

“तुमच्या मुलाची फाइल आज नीट वाचली गेली, दादा. अजून उद्या आहे.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग ते विचारतात, उद्या येऊ का? या म्हणते. फोन ठेवून रासायनिक अहवालाचं पान उघडते. त्याचंही मराठी पंचनाम्याशी ताडून पाहायचं राहिलंय. कपडे किती तारखेला जप्त झाले आणि प्रयोगशाळेत किती तारखेला पोचले, मधले दिवस ते कुणाच्या ताब्यात होते.