दहा सेकंदांचे दुकान

पुण्याहून नगर रस्त्याने निघाले की शिक्रापूर मागे पडल्यावर रांजणगाव येते. पुण्यापासून सुमारे पन्नास किलोमीटर. अष्टविनायकांतला महागणपती रस्त्यालगतच आहे, आणि थोडे पुढे कारेगावच्या बाजूला औद्योगिक वसाहत पसरली आहे. एलजी, व्हर्लपूल, फियाट अशी नावे तिथल्या फाटकांवर दिसतात. या दोहोंच्या आसपास उसाची आणि कांद्याची शेती आहे. त्यामुळे इथल्या छोट्या दुकानदाराकडे तीन वेगवेगळी गिऱ्हाइके येतात : दर्शनाला आलेला प्रवासी, पाळी सुटून परतणारा कामगार आणि तालुक्यातला शेतकरी. पेढेवाला, मेसवाला, कृषी सेवा केंद्र, मोटार रिवाइंडिंग, कापड दुकान, मंगल कार्यालय या सगळ्यांचा संसार या तिघांवर चालतो.

यांपैकी एखाद्याला रेडिओवर जाहिरात द्यावीशी वाटली तर काय घडते, त्याचा हा परिचय. मोठ्या कंपनीच्या जाहिरातीची छोटी, स्वस्त आवृत्ती म्हणजे स्थानिक जाहिरात, असे बरेच जण धरून चालतात. तसे नाही. ही वेगळी कला आहे आणि तिची शिस्त जास्त कडक आहे. साबणाच्या कंपनीचा मालक ऐकणाऱ्याला कधी भेटत नाही. रांजणगावच्या दुकानदाराची जाहिरात आज वाजली, तर ऐकणारा उद्या त्याच्या गल्ल्यासमोर उभा असतो.

रेडिओवरची पहिली विकत घेतलेली जाहिरात म्हणून जिची नोंद होते, तीही स्थानिकच होती. २८ ऑगस्ट १९२२ रोजी न्यूयॉर्कच्या डब्ल्यूईएएफ केंद्रावर एका घरबांधणी कंपनीने शहराच्याच जॅक्सन हाइट्स भागातली घरे विकण्यासाठी दहा मिनिटांचे भाषण दिले. गाणे नाही, नाट्य नाही. आपल्याच शहरातल्या लोकांना आपल्याच शहरातला पत्ता सांगितला गेला.

आपल्याकडे ही वाट लांबून आली. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि जाहिरातदारही त्यांच्यामागे तिकडेच गेले. त्याच वर्षी तिथे सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाला’ने अमीन सयानींचा आवाज घराघरांत नेला. हजारो कार्यक्रमांखेरीज सयानींच्या नावावर एकोणीस हजारांच्या आसपास जाहिराती आणि जिंगल्स सांगितल्या जातात. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि गाणी घरी परतली. जाहिरातींना मात्र आणखी दहा वर्षे थांबावे लागले. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीची व्यापारी सेवा मुंबई, नागपूर आणि पुणे अशा तीन केंद्रांवरून सुरू झाली. देशातली पहिली तिन्ही केंद्रे महाराष्ट्रातली होती, आणि त्यांत पुणे होते. पुण्याच्या परिसरातल्या दुकानदाराला आपले नाव हवेतून ऐकवण्याची सोय देशात सर्वांत आधी मिळाली ती अशी.

त्या काळी जाहिरात चुंबकीय फितीवर असे. सेकंदाला साडेसात इंच या वेगाने फीत फिरे, म्हणजे दहा सेकंदांची जाहिरात सव्वासहा फुटांची. एखादा शब्द जास्त झाला तर ब्लेडने फीत कापायची आणि चिकटपट्टीने जोडायची. आज हे काम संगणकाच्या पडद्यावर होते, पण माप तेच राहिले. आकाशवाणी असो की खासगी एफएम, दर दहा सेकंदांच्या हिशेबाने लागतो. सावकाश, समजेल अशा मराठीत दहा सेकंदांत वीस ते पंचवीस शब्द बसतात. तेवढीच जागा. दुकान त्यात मांडायचे.

कामाची सुरुवात माहिती घेण्यापासून होते. उदाहरणासाठी मोटार रिवाइंडिंगचे दुकान घेऊ. असे दुकान या भागातल्या प्रत्येक बाजारगावात असते. मालक बहुधा हँडबिल पुढे करतो : आमच्याकडे सर्व प्रकारच्या मोटारींचे रिवाइंडिंग करून मिळेल, सबमर्सिबल, ओपनवेल, केबल, स्टार्टर, पाइप, योग्य दर, तत्पर सेवा, एक वेळ अवश्य भेट द्या, खाली दोन मोबाइल नंबर. हँडबिल हातात राहते, पुन्हा वाचता येते, म्हणून त्यावर हे सगळे शोभते. रेडिओवरचा शब्द गेला की गेला. दहा आकडी नंबर नीट ऐकू येईल असा म्हणायचा तर पाचेक सेकंद जातात. स्वयंपाक करणारी बाई किंवा स्टिअरिंगवर हात असलेला चालक तो कुठे लिहून घेणार?

म्हणून जाहिरात लिहिणारा हँडबिल बाजूला ठेवतो आणि विचारतो, गिऱ्हाईक तुमच्याकडे येते केव्हा? मालक सांगतो, मोटार जळाल्यावर. तेव्हा त्याला घाई कशाची असते? पाण्याची. थ्री फेज लाइट ठरलेल्या वेळेलाच येते, ती पाळी वाया जाते, ऊस पाण्याला आलेला असतो. मग तुम्ही त्याला काय देता? आज आणली तर उद्या देतो. आणखी काय? मोटार कशाने जळाली ते दाखवतो, म्हणजे पुन्हा तसे होऊ नये.

जाहिरात या शेवटच्या दोन उत्तरांत आहे. बाकीचे दर, तत्परता, सर्व प्रकार हे रस्त्यावरचे प्रत्येक दुकान म्हणते, म्हणून ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

आता तीस सेकंदांचा मसुदा पाहा.

(मोटारीची घरघर. आवाज जड होत जातो. खट्ट. शांतता, रातकिडे.)
बाई : काय झालं हो?
शेतकरी : जळाली वाटतं मोटार. ऊस पाण्याला आलाय, आन् आत्ताच.
बाई : मग बसून काय होणार? काढा वर, सकाळी रांजणगावला न्या.
निवेदक : (दुकानाचे नाव), मोटार रिवाइंडिंग. रांजणगाव, गणपतीपासून शिरूरच्या बाजूला, पेट्रोल पंपासमोर. आज आणा, उद्या न्या. का जळाली, तेही सांगू.
(मोटार सुरू होते. दांडात पाणी पडते.)
शेतकरी : आलं गं पाणी!

यातला पहिला आवाज सर्वांत महत्त्वाचा. गाणे संपून जाहिराती लागल्या की ऐकणाऱ्याचे लक्ष सुटते. मोटार जड होऊन थांबल्याचा आवाज शेतकऱ्याने उसाच्या बांधावर अनेकदा ऐकलेला असतो, तो ऐकताच मान वर होते. ज्याच्या शेतात मोटार नाही तो दुर्लक्ष करेल, आणि तसेच व्हायला हवे. दुकानाच्या पैशाने सगळ्या जिल्ह्याला थांबवायचे कारण नाही. हा आवाज बाजारात मिळणाऱ्या ध्वनिसंग्रहातून न उचलता खऱ्या विहिरीवर रेकॉर्ड करावा. आपल्या भागातल्या मोटारीचा आवाज आणि परदेशी यंत्राची घरघर यांतला फरक शेतकऱ्याच्या कानाला कळतो.

नवरा-बायकोच्या संवादाचा हा बाज मराठी रेडिओला नवा नाही. आकाशवाणी मुंबईच्या ‘पुन्हा प्रपंच’मध्ये बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशींचे पंत घरातल्या गोष्टी घरातल्याच भाषेत बोलत. उपदेश असे, पण तो चहा पिता पिता येई. जाहिरातीतल्या दोन पात्रांनीही तसेच बोलावे. शेतकऱ्याच्या तोंडी ‘उत्कृष्ट दर्जाची सेवा’ आली की ऐकणारा ओळखतो, हा शेतकरी नव्हे.

हाच मजकूर दहा सेकंदांत आणायचा तर संवाद जातो. उरते ते असे : मोटार थांबल्याचा आवाज, आणि मग, ‘मोटार जळाली? आज आणा, उद्या न्या. (नाव), रांजणगाव, शिरूरच्या बाजूला, पेट्रोल पंपासमोर. का जळाली, तेही सांगू.’ दुकानदाराच्या खिशाला हीच परवडते. शहाणा लेखक आधी दहा सेकंदांची जाहिरात लिहितो. ती उभी राहिली तरच तीसची लिहावी. महिनाभर रोज ठरलेल्या वेळी वाजलेली दहा सेकंदांची जाहिरात दोन-चार दिवस वाजलेल्या लांबलचक जाहिरातीपेक्षा जास्त काम करते, कारण मोटार कधी जळेल ते कुणालाच माहीत नसते. नाव त्या दिवशी आठवायला हवे.

रेकॉर्डिंगला बसण्यापूर्वी मालकाला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. उन्हाळ्यात दुकानात वीस मोटारी पडून असतील, तेव्हा ‘उद्या न्या’ खरे ठरेल का? ठरणार नसेल तर ते वाक्य काढायचे, कितीही चांगले वाजत असले तरी. परवा देता येत असेल तर ‘परवा न्या’ म्हणावे. न्हावरे, कारेगाव, ढोकसांगवीचा शेतकरी एकदा रिकाम्या हाताने परतला, तर चावडीवर, दूध डेअरीवर आणि बाजारात तो ते सांगतो. ते सांगणे फुकट असते आणि त्याला काळाची मर्यादा नसते. स्थानिक जाहिरातीचा खरा तपासनीस हा शेतकरीच.

नियम आहेत ते या जाणिवेला धरूनच आहेत. आकाशवाणीच्या जाहिरात संहितेनुसार दुसऱ्याच्या मालाची निंदा करता येत नाही, वस्तूत चमत्कारी किंवा अलौकिक गुण असल्याचे सुचवता येत नाही. सायरन, गोळीबार, किंकाळ्या, कर्कश हास्य असे दचकवणारे आवाज वापरता येत नाहीत. सर्वस्वी किंवा मुख्यतः धार्मिक वा राजकीय हेतूची जाहिरात स्वीकारली जात नाही. रांजणगावात शेवटचा नियम विशेष लक्षात ठेवावा. ‘गणपतीपासून शिरूरच्या बाजूला’ हा पत्ता झाला. आरतीच्या सुरांवर पेढे विकणे हा देवाच्या नावाचा उपयोग झाला, आणि भक्त गिऱ्हाइकालाही तो आवडत नाही.

संगीताबाबत बहुतेक मालकांची एकच इच्छा असते : गाजलेल्या सिनेमाच्या चालीवर आपले नाव बसवा. चाल कुणाची तरी मालमत्ता असते, परवानगीशिवाय ती घेता येत नाही. शिवाय ती चाल ऐकून माणसाला सिनेमा आठवतो, दुकान नाही. वनराज भाटिया, अशोक पत्की यांच्यासारख्या जाणत्या संगीतकारांनी हजारो जिंगल्स केल्या, त्यामागे त्यांची गाण्याइतकीच मेहनत होती. तेवढा खर्च झेपत नसेल तर गाण्याचा मोह सोडावा. चांगला बोलका आवाज आणि एक खरा ध्वनी पुरतो.

आवाज कुणाचा, हाही प्रश्न येतोच. शहरी निवेदकाचे उच्चार स्वच्छ असतात, पण शिरूरला अजूनही घोडनदी म्हणणाऱ्या माणसाशी बोलायचे तर त्याच्या बोलीची लय हवी. बोलीची टिंगल होता कामा नये. गावरान उच्चार हसवण्यासाठी ताणले की ऐकणाऱ्याला तो स्वतःचा अपमान वाटतो. मालकाचा आवाज स्पष्ट आणि ओळखीचा असेल तर शेवटचे वाक्य त्यानेच म्हणावे. औद्योगिक वसाहतीतल्या मेसची किंवा खोल्यांची जाहिरात असेल तर गणित बदलते. तिथे मराठवाडा-विदर्भाबरोबर उत्तर प्रदेश-बिहारचेही कामगार आहेत, म्हणून साधी हिंदी हवी आणि जाहिरात पाळी सुटण्याच्या सुमारास वाजायला हवी. संकष्टी, अंगारकी आणि भाद्रपदात येणाऱ्या प्रवाशांसाठी हॉटेलची जाहिरात करायची तर ती आदल्या संध्याकाळी पुण्यात ऐकू जायला हवी. रिवाइंडिंगवाल्याला मात्र पहाट आणि सकाळचे शेतीविषयक कार्यक्रम धरून चालावे लागते.

कुठे वाजवायची हे ठरवण्याआधी एक साधी परीक्षा करावी : दुकानात, गावाबाहेरच्या मळ्यात आणि गाडीत रेडिओ लावून पाहावा. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या टप्प्यात चालतात, उंचसखल जमीन आणि अंतर त्यांना अडवते. मीडियम वेव्ह जमिनीलगत लांबवर जाते. शहरात खणखणीत वाजणारे केंद्र पन्नास किलोमीटरवर खरखरत असेल तर त्याचा दर कितीही आकर्षक असला तरी उपयोग नाही. शिरूर तालुका पुणे आणि अहिल्यानगर (पूर्वीचा नगर) जिल्ह्यांच्या सीमेवर असल्याने दोन्हीकडची केंद्रे तपासून पाहावीत.

पुणे जिल्ह्यातच या कामाला आणखी जवळचे एक माध्यम रुजले आहे, सामुदायिक रेडिओ. बारामतीत विद्या प्रतिष्ठानची ‘वसुंधरा वाहिनी’ आणि कृषी विज्ञान केंद्राची ‘शारदा कृषी वाहिनी’ आहे. सातारा जिल्ह्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ आहे. २००६च्या धोरणाने शैक्षणिक संस्थांपलीकडे स्वयंसेवी संस्थांनाही अशी केंद्रे चालवायची मुभा दिली. प्रक्षेपणाची ताकद १०० वॉटपर्यंत, पल्ला एका बाजारगावाच्या पंचक्रोशीएवढा. २०२४मध्ये या केंद्रांना तासाला ७ऐवजी १२ मिनिटे जाहिराती घेण्याची परवानगी मिळाली आणि सरकारी जाहिरातींचा दर दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये झाला. मोटारवाल्याला सगळे पुणे नकोच आहे. त्याच्याकडे मोटार जिथून बैलगाडीने किंवा पिकअपने येते, तेवढाच परिसर त्याला पुरतो.

मोबाइलवर चित्रे आली, दुकानाचा व्हिडिओ कुणीही काढू शकतो, तरीही या कलेची गरज आहे. दारे धरताना, गाडी हाकताना, शिलाई करताना डोळे आणि हात अडकलेले असतात, कान मोकळा असतो. त्या कानात जाणारे वाक्य नीट लिहिले गेले पाहिजे, आणि ते लिहिण्याची किंमत दुकानदाराने मोजली पाहिजे. आजही बऱ्याच ठिकाणी जाहिरातीची वेळ विकत घेताना मजकूर ‘फुकट’ लिहून मिळतो आणि सगळ्या दुकानांची जाहिरात एकाच साच्यातून निघते. पैसे प्रक्षेपणाचे द्यायचे आणि शब्दांचे वाचवायचे, हा उलटा व्यवहार आहे. जो लेखक दुकानात तासभर बसेल, गिऱ्हाइकाशी बोलेल आणि मालकाला ‘हे तुम्ही खरेच कराल का?’ असे विचारेल, त्याला त्याचा मोबदला द्यावा. त्याने विचारलेल्या प्रश्नांनी जाहिरात सुधारते, आणि बऱ्याचदा दुकानही सुधारते. ‘उद्या न्या’ असे हवेतून जाहीर केले की मालकाला मोटार उद्या तयार ठेवावीच लागते.