वैश्विक किरणांवर दिवा लागेल?

● शोध : ७ ऑगस्ट १९१२ रोजी व्हिक्टर हेस बलूनमधून सुमारे ५,३०० मीटर उंचीवर गेले. वर जावे तसा किरणोत्सर्ग वाढतो, म्हणजे तो अंतराळातून येतो, हे त्यांनी टिपले; हेच वैश्विक किरण. १९३६मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

● कवच : डोक्यावरची हवा दहा मीटर पाण्याच्या थराइतकी आड येते. अंतराळातून आलेले प्रोटॉन हवेतल्या अणुकेंद्रांवर आदळतात आणि नव्या कणांची सर कोसळते. त्यातले म्युऑन जमिनीपर्यंत पोचतात; उघड्या तळहातातून सेकंदाला एक-दोन आरपार जातात.

● ताकद : १९९१मध्ये अमेरिकेतील युटा येथे नोंदलेल्या एकाच कणाची ऊर्जा सुमारे ५० ज्यूल होती. म्हणजे किलोभर साखर पाच मीटर उचलण्याइतकी! पण असे कण फारच विरळा.

● हिशेब : जमिनीवर दर चौरस मीटरला म्युऑनांतून मिळते वॉटचा जेमतेम एक कोटीवा भाग, भर दुपारचे ऊन देते सुमारे १,००० वॉट. सगळे म्युऑन अडवता आले, तरी दहा वॉटच्या एका एलईडी दिव्याला १०० चौरस किलोमीटर जागा लागेल.

थोडक्यात : अभ्यासाला वैश्विक किरण, विजेला मात्र ऊनच.