जखमी कुत्रे आणि त्याची भीती

ज्या व्यासपीठावरून अर्थशास्त्र, संतवाङ्मय आणि अवकाशविद्या यांवर व्याख्याने होतात, तेथे कामगार चळवळीतल्या एका माणसाने उभे राहून कुत्र्यावर बोलावे, हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटले असेल. त्यांना एवढेच सांगतो की, मुंबईत पहिली कापडगिरणी निघण्याच्या वीस-बावीस वर्षे आधी, जून १८३२ मध्ये, या शहरात कुत्र्यांसाठी हरताळ पडला होता. सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला. पारशी मंडळींनी त्याला विरोध केला आणि कोटातले व्यवहार बंद पडले. तेव्हा हरताळ आणि कुत्रे यांचे नाते माझ्या चळवळीपेक्षा जुने आहे.

परंतु मला बोलायचे आहे ते निराळ्या गोष्टीवर. आपल्या पाळलेल्या कुत्र्यावर दुसऱ्या कुत्र्याने हल्ला केला, तर जखमेचे काय करावे हे डॉक्टर सांगतात. मागे राहणाऱ्या भीतीचे काय करावे हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. ते मला दोन वर्षांपूर्वी चुका करीत शिकावे लागले.

आमच्या कुत्र्याचे नाव गेट्या. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यासमोर गेट मीटिंग चालू असताना हे पिल्लू माझ्या पायाशी येऊन बसले आणि घरी आले. मुलीने त्याचे नाव गेट्या ठेवले. कोपरखैरण्यात आमच्या इमारतीजवळच्या रस्त्यावर एके सकाळी शेजारच्या इमारतीतले एक दांडगे कुत्रे त्याच्यावर तुटून पडले. त्याचा पट्टा एका पगारी पोराच्या हातात होता, तो सुटला. आम्ही दोघांनी मिळून ती झुंज सोडवली. मी मध्ये हात घातला, ही माझी पहिली चूक. अशा वेळी हात घालू नये. मोठा आवाज करावा, पाणी ओतावे, अंगावर चादर किंवा पोते टाकावे.

घरी येऊन पाहतो तो गेट्याच्या खांद्यावर दोन बारीक भोके. मी म्हटले, हळद लावू. सौभाग्यवती म्हणाली, "अहो, भोक लहान दिसतं म्हणून बसू नका." तिचे म्हणणे खरे ठरले. कुत्र्याची कातडी सैल असते. दात आत रुततो, झटका बसतो, आणि वर वाटाण्याएवढे भोक असताना आत मांस फाटून पोकळी झालेली असते. तीत घाण राहिली की पू होतो. लहान कुत्र्याला मोठ्याने उचलून हिसडले असेल, तर छातीत किंवा पोटातही इजा झालेली असू शकते. म्हणून दुसऱ्या कुत्र्याचा प्रत्येक चावा डॉक्टरांना दाखवावा. तोवर स्वच्छ फडके दाबून रक्त थांबवावे, आणि आपल्या डोकेदुखीची गोळी त्याला कदापि देऊ नये. माणसाच्या काही साध्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला घातक ठरतात. दुखऱ्या जागी हात लागला तर आपले कुत्रे आपल्यालाही चावेल, त्याचा राग धरू नये.

रेबीजची लस वेळच्या वेळी दिलेली असली, तरी हल्ल्यानंतर पुन्हा केव्हा द्यायची हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे. झुंज सोडवताना आपल्याला दात किंवा ओरखडा लागला असेल, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि महापालिकेच्या रुग्णालयात जाऊन लस घ्यावी. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य. पोटात घ्यायच्या चौदा इंजेक्शनांची धास्ती आमच्या पिढीच्या मनात अजून आहे. ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता दंडावर मोजकी इंजेक्शने असतात.

गेट्याची जखम तीन आठवड्यांत भरली. परंतु तो इमारतीच्या फाटकाबाहेर पाऊल टाकीना. लांबून भुंकणे ऐकू आले की खाटेखाली शिरे. मी विचार केला, भीती मोडली पाहिजे. त्याला ओढत त्याच जागी नेले. तो जमिनीला चिकटून थरथरत राहिला, आणि त्या दिवसापासून पट्टा हातात घेतला तरी लपू लागला. ही माझी दुसरी चूक, आणि ती पहिलीपेक्षा मोठी.

तरुणपणी लोकवाङ्मय गृहाच्या दुकानात स्वस्तात मिळणाऱ्या रशियन पुस्तकांवर माझे शिक्षण झाले. त्यांतून पाव्हलॉव्ह या शास्त्रज्ञाची ओळख झाली होती. आता त्याच्याविषयी पुन्हा वाचले. एखाद्या खुणेपाठोपाठ अन्न येते हे कुत्र्याला कळले, की नुसत्या खुणेनेही त्याच्या तोंडाला पाणी सुटते, हा त्याचा प्रयोग सर्वांना ठाऊक आहे. त्यापुढची हकीकत कमी लोकांना माहीत असते. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला महापूर आला आणि त्याच्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी शिरले. मोठ्या कष्टाने कुत्री बाहेर काढली. पुढे असे दिसले की, त्यांतली काही कुत्री शिकलेले सारे विसरली आहेत. एक कुत्रे हळूहळू सावरले. तेव्हा प्रयोगाच्या खोलीत दाराखालून थोडेसे पाणी मुद्दाम सोडण्यात आले. तेवढ्याने ते पुन्हा पहिल्यासारखे झाले! एरवी प्रयोग करणारा माणूस खोलीबाहेर असे. पण तो आत येऊन कुत्र्याजवळ राहिला, की हरवलेल्या सवयी परत येत.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, भीती हा स्वभावाचा दोष नव्हे. ती शरीराने शिकलेली गोष्ट आहे. गेट्याला एका कुत्र्याने फाडले, पण त्याचे शरीर शिकले ते असे की, कुत्रे दिसणे म्हणजे दुखणे. दुसरी, हा धडा हुकूम देऊन पुसला जात नाही. त्यावर नवा धडा गिरवावा लागतो, आणि तो सोबतीने लवकर गिरवला जातो.

नवा धडा असा. दुसरे कुत्रे दिसेल, पण आपले कुत्रे घाबरून जाणार नाही, एवढे अंतर आधी शोधावे. ते ओळखण्याची खूण सोपी आहे. आवडीचा घास पुढे केला आणि त्याने खाल्ला, तर अंतर ठीक. तोंड फिरवले, तर आपण फार जवळ आलो. गेट्याच्या बाबतीत हे अंतर अख्ख्या मैदानाएवढे निघाले. दुसरे कुत्रे दिसले की घास द्यायचा, ते दिसेनासे झाले की घास बंद. असे रोज थोडा वेळ. मग दिवसांमागून दिवस दोन-दोन पावले जवळ. एखाद्या दिवशी मागे सरकावे लागले तर मुकाट्याने सरकावे. पट्टा सैल धरावा. आपण धास्तीने आवळला की त्याला वाटते, काहीतरी येत आहे खास. हे लिहायला सोपे आहे. माझा स्वतःचा हात सैल पडायला महिना लागला. भीती आम्हा दोघांनाही बसली होती.

घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतले तर ते भित्रे होते, हा समज खोटा आहे. जवळ बसावे. ते गुरगुरले तर दटावू नये. गुरगुरणे ही नोटीस आहे. नोटीस दडपणाऱ्या मालकाच्या कारखान्यात संप अचानक होतो, हे मी तीस वर्षे पाहत आलो. कुत्र्याची नोटीस दडपली तर ते न सांगता चावते. इतके करून काही आठवड्यांत फरक पडला नाही, तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे. आत दुखणे राहिलेले असू शकते, आणि भीतीवरही औषधे आहेत.

आता शेजाऱ्याची गोष्ट. दुसऱ्या दिवशी मी तावातावाने त्यांच्या दारी गेलो. ते गृहस्थ म्हणाले, "साहेब, चूक त्या पोराची. त्याला आजच काढून टाकतो." ऐकून मी थंड झालो. साठ किलोचा माणूस पाडील असे जनावर त्या पोराच्या हातात जुनाट पट्ट्याने दिले कोणी? आम्ही बसून बोललो. त्यांच्या कुत्र्याच्या लसीचा दाखला पाहायचा, औषधाचा खर्च त्यांनी द्यायचा, नवा मजबूत पट्टा आणि तोंडाला जाळी, फिरण्याच्या वेळा वेगळ्या, आणि पोराला काढायचे नाही, असे कागदावर लिहिले. जनावर निष्काळजीपणे मोकळे सोडून माणसाच्या जिवाला धोका होऊ देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. परंतु त्याच रस्त्यावर उद्याही दोघांना चालायचे असते. म्हणून बोलणी आधी, कलम नंतर. हल्ला रस्त्यावरच्या कुत्र्याने केला असेल, तर दगड न मारता महापालिकेला कळवावे. २००१ चे नियम आणि त्यांच्या जागी आलेले २०२३ चे नियम, दोहोंचा भर निर्बीजीकरण आणि लसीकरण यांवर आहे.

कधी कुत्रे वाचत नाही. त्या घरात जाऊन "कुत्रेच तर होते" असे कृपा करून म्हणू नये. कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला धर्मराजाने नकार दिला, ही कथा आपण मुलांना सांगतो; मग शेजारच्या मुलाच्या रडण्याला हसण्याचे कारण काय?

शेवटी एक कबुली देतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या एका तरुण सभासदाची बोटे प्रेस मशीनखाली गेली. भरपाई मिळवून दिली, हलके काम मिळवून दिले. पण त्या शॉपमध्ये शिरताच त्याला घाम फुटे, आणि तो परत फिरे. मी त्याला चार लोकांत म्हणालो, "एवढा काय घाबरतोस? पुरुष आहेस ना?" काही दिवसांनी त्याने राजीनामा दिला. मैदानाच्या कडेला हातात भाकरीचे तुकडे घेऊन उभा असताना मला तो आठवला. त्याला मशीनपासून दूर, दिसेल एवढ्या अंतरावर, सोबतीला एक माणूस देऊन उभे करता आले असते. ते मला तेव्हा ठाऊक नव्हते, हे खरे. पण विचारायला काय हरकत होती?

मी त्याचा पत्ता शोधून त्याला भेटून आलो. त्याने चहा दिला, जुन्या दिवसांच्या गप्पा झाल्या. त्या वाक्याचा विषय मी काढला, तेव्हा तो म्हणाला, "जाऊ द्या भाऊ." तेवढ्याने ते वाक्य परत घेतले गेले असे मी मानीत नाही.

गेट्या आता फाटकाबाहेर येतो. दांडगे कुत्रे रस्त्याच्या पलीकडून जाते, पट्टा त्याच पोराच्या हातात असतो. गेट्या थांबतो, माझ्याकडे पाहतो, घास घेतो. त्याच्याही पुढे तो जाईल की नाही, याची मी घाई करीत नाही.