बांधावरची हराळी

२०१९ साल आठवतंय? उन्हाळ्यात सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जनावरांसाठी चारा छावण्या लागल्या होत्या. आणि ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं! तिथली धोक्याची पातळी आहे ४५ फूट. एकाच वर्षात दुष्काळ आणि महापूर. मग आम्हा सिव्हिलवाल्यांना प्रश्न पडतो, अशा मुलखात मातीचा बांध टिकायचा कसा?

धरण असो वा १९७२ च्या दुष्काळी कामांतला पाझर तलाव, पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग असतं. मागच्या उतारावर मात्र बहुधा गवतच. ते पावसाचा मारा झेलतं, मुळं माती धरून ठेवतात. गवत गेलं की उतारावर घळी पडतात.

दुष्काळात नेमकं हेच गवत करपतं. मुरमाच्या भरावात ओल टिकत नाही. काळी माती तर सुकली की आकसते, भेगाळते. वळवाचं पाणी भेगांतून आत शिरतं, माती मऊ पडते आणि उतार घसरू शकतो. हॉलंडमध्ये २००३ च्या कोरड्या उन्हाळ्यात विल्निस गावचा बांध पूर नसतानाच सरकला! तिथली पीट माती सुकून हलकी झाली होती, कालव्याच्या पाण्याने तिला ढकललं.

उपाय? उसात शिरली की शेतकरी जिला शिव्या घालतो ती हराळी, म्हणजे आपल्या गणपतीच्या दुर्वा! वरून वाळली तरी जमिनीखालचे कोंब जिवंत राहतात, पाऊस पडताच ती पुन्हा पसरते. पण तिची बरीचशी मुळं वरच्या थरात असतात. म्हणून जोडीला वाळा लावावा. त्याची मुळं दोन-तीन मीटर खोल जातात. पावसाळ्याच्या सुरुवातीला मुरमावर मातीचा थर द्यायचा आणि उताराला आडव्या ओळींत दाटीने ठोंब लावायचे. झाडं मात्र नकोत. मेलेल्या मुळांच्या पोकळीतून पाणी वाट काढतं.

आता खरी अडचण. दुष्काळात मेंढ्यांना बांधावरच काय ते गवत दिसतं. उपाशी जनावराला हाकलायचं कसं? माझ्या मते चराई बंद ठेवून चार बोटं राखून गवत कापून नेऊ द्यावं. चाराही मिळेल, मूळही राहील. वाळलेलं गवत पेटवून देणं तर टाळायलाच हवं.

तेव्हा पुढच्या साईट व्हिजिटला बांधाची उंची लिहून घेताना मागच्या उतारावरही एक चक्कर मारा. गवत कुठे करपलंय, भेगा कुठे आहेत, तेही वहीत टिपा. आणि हे काम मे महिन्यातच करा बरं का!