पाणलोटाचा निधी आणि गावाचा पाणी-ताळेबंद

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, महाबळेश्वरी, वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुक्याच्या वाट्याला पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो, आणि तोही बेभरवशाचा. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या अवर्षणप्रवण पट्ट्यात पावसाच्या तुटीइतकीच खडकाचीही अडचण आहे. राज्याच्या चार-पंचमांशाहून अधिक भूभागाखाली काळा कातळ आहे. त्यात पाणी साठते ते भेगांत आणि वरच्या मुरमाच्या थरात. हे भांडे लहान असते; चांगल्या पावसात ते लवकर भरते आणि उपसा वाढला की तितक्याच लवकर रिते होते. शासनाने गेल्या अर्धशतकात या प्रदेशासाठी आखलेल्या योजनांचे यशापयश पुष्कळ अंशी या एका गोष्टीशी निगडित आहे.

दुष्काळी कामांपासून पाणलोटापर्यंत

१९७२ च्या भीषण दुष्काळाने या विषयाला तातडीचे स्वरूप दिले. केंद्र शासनाचा अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रम १९७३-७४ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत करून २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आणला. या योजनेसाठी व्यवसाय करासारख्या खास करांचे उत्पन्न आणि तितकाच राज्याचा हिस्सा अशी तरतूद करण्यात आली. शहरातील पगारदाराच्या वेतनातून कापल्या जाणाऱ्या रकमेतून दुष्काळी गावाचा पाझर तलाव उभा राहावा, ही कल्पना आजही दाद देण्याजोगी आहे.

तथापि त्या काळी हाताला काम देणे हा मुख्य हेतू असल्याने बांध एका शिवारात, तर तलाव दुसऱ्या खोऱ्यात असे होई. १९८३ मध्ये राज्याने सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रम हाती घेऊन माथ्यापासून पायथ्यापर्यंत सलग कामांचे तत्त्व स्वीकारले. पुढे डॉ. हनुमंत राव समितीच्या शिफारशींवरून केंद्राने १९९५ मध्ये मार्गदर्शक सूचना लागू केल्या. सुमारे ५०० हेक्टरचा पाणलोट हा घटक ठरला आणि हेक्टरी ४,००० रुपये खर्चमर्यादा ठरली. २०२१-२२ पासूनच्या प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेच्या पाणलोट घटकात ही मर्यादा सपाट प्रदेशात हेक्टरी २२,००० आणि डोंगराळ व दुर्गम प्रदेशात २८,००० रुपये करण्यात आली. केंद्र व राज्य यांचा वाटा ६०:४० असा राहिला.

१९९५ च्या सूचनांमधील एक तरतूद येथे मुद्दाम नमूद केली पाहिजे. खाजगी जमिनीवरील कामाच्या खर्चाच्या किमान दहा टक्के, आणि सार्वजनिक जमिनीवरील कामांसाठी तसेच दुर्बल घटकांसाठी पाच टक्के वर्गणी घेऊन ती पाणलोट विकास निधीत जमा करावयाची, आणि प्रकल्प संपल्यावर देखभाल व दुरुस्ती त्यातून करावयाची. तत्त्व उत्तम होते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी वर्गणी मजुरांच्या मजुरीतून वळती केली गेली आणि बांधाचा लाभ मात्र जमीनधारकाला झाला. गाळाने भरलेला नालाबांध आणि बँकेत अडकून पडलेली दुरुस्तीची रक्कम ही जोडी काही दुर्मिळ नाही.

अडविलेले पाणी कोणाचे?

दुरुस्तीपेक्षाही अवघड प्रश्न वापराचा आहे. एक हेक्टर जमिनीवर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर ५,००० घनमीटर पाणी मिळते. त्यातलेही बरेचसे बाष्पीभवनात जाते, पिके घेतात आणि काही वाहून जाते. मोकाट पाणी दिलेल्या एक हेक्टर उसाला २० ते २५ हजार घनमीटर पाणी लागते. म्हणजे चार-पाच हेक्टरांवर पडलेला पावसाचा थेंबन्‌थेंब एका हेक्टरच्या उसाला द्यावा लागेल. बंधाऱ्याने विहिरीची पातळी वाढली, त्या भरवशावर शेजारी चार विंधन विहिरी निघाल्या आणि मार्चमध्ये पुन्हा टँकर आला, असे होते ते या हिशेबामुळे.

पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे १९७४ मध्ये काम सुरू करणारे विलासराव साळुंखे यांनी हे ओळखले होते. त्यांच्या पाणी पंचायतीत पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरता माणसांवर ठरला : माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही हक्क, आणि उसाला मनाई. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने आदर्श गाव योजनेतून पाणलोटाची कामे केली, पण शेतीसाठी विंधन विहिरींना बंदी घातली आणि दरवर्षी पाऊस मोजून पिके ठरविली. याच्या उलट चित्र जलयुक्त शिवार अभियानाविषयीच्या महालेखापरीक्षकांच्या २०२० मधील अहवालात दिसते. अभियानावर ९,६३३ कोटी ७५ लाख रुपये खर्च होऊनही, तपासलेल्या १२० गावांपैकी ८३ गावांत पिण्याच्या व शेतीच्या गरजेइतका साठा झालेला नव्हता. निधी कामाच्या संख्येवर मोजला गेला की गावही कामेच मोजते.

कायदा आणि प्रोत्साहन

पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यास १९९३ च्या कायद्याने निर्बंध घातला. त्याची जागा घेणारा २००९ चा भूजल अधिनियम १ जून २०१४ पासून लागू झाला. शेती व उद्योगासाठी ६० मीटरहून खोल विहिरींना त्यात मनाई असून अधिसूचित क्षेत्रात पीक-नियोजनाची तरतूद आहे. मात्र यंत्र रात्रीतून शिवारात येते आणि पहाटे निघून जाते, तेथे कायद्याचा हात सहसा पोहोचत नाही.

म्हणून अटल भूजल योजनेने दुसरी वाट धरली. सात राज्यांसाठी, १ एप्रिल २०२० पासून पाच वर्षांकरिता आखलेल्या या ६,००० कोटींच्या योजनेत निम्मी रक्कम जागतिक बँकेच्या कर्जाची होती. महाराष्ट्रातील १३ जिल्हे तिच्यात होते. तिचा मोठा भाग, ४,६०० कोटी रुपये, प्रोत्साहनासाठी होता : भूजलाची माहिती लोकांसमोर मांडणे, गावाने जलसुरक्षा आराखडा करणे, काटकसरीने पाणी वापरणे आणि पातळीची घसरण थांबविणे यांवर रक्कम मिळे. बांधकामाऐवजी वर्तनाला पैसा, हा बदल लहान नाही.

ग्रामपंचायतीपाशीही साधन आले. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम बंधित ठेवली, आणि तिचा अर्धा भाग पिण्याचे पाणी, पर्जन्यजल संकलन व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी राखला. पर्जन्यमापक, निरीक्षण विहिरीवरील खूण आणि चावडीवरचा फलक यांस नवा तलाव बांधण्याच्या मानाने नगण्य खर्च येतो. शाळेतील शिक्षकांनी मुलांकडून रोजच्या पावसाची नोंद ठेवून घेतली तर तीच नोंद ग्रामसभेच्या कामी येते. माणसांना व जनावरांना जूनअखेरपर्यंत लागणारे पाणी आधी वजा करावे आणि उरलेल्यावर पिके ठरवावीत. हा आकडा रब्बीची पेरणी सुरू होण्यापूर्वी, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातच ग्रामसभेपुढे यावा लागतो; एकदा ऊस लागणीला गेला की नुसत्या ठरावाने तो उपटला जात नाही.